धुळीतला उजेड मला समजला होता

माझी मुलगी काय काम करते ते मला नीट सांगता येतं. हे आधीच लिहून ठेवते, कारण सगळ्यांना वाटतं की मला त्यातलं काही कळत नाही, आणि तसं वाटायला कारण मीच दिलेलं आहे.

आकाशात तारे असतात तशी धूळही असते. आपल्या कपाटावर बसते तसली नाही, धुरासारखी बारीक. काही तारे त्या धुळीच्या ढगात गुरफटलेले असतात. त्यांचा उजेड सरळ आपल्याकडे येत नाही. धुळीच्या कणावर आपटतो, वळतो, पुन्हा आपटतो, कधी कणातच जिरून जातो. उजेड जिरला की कण तापतो, आणि तापलेला कण वेगळा उजेड बाहेर टाकतो. तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही, दुर्बिणीला दिसतो. म्हणजे शेवटी आपल्यापर्यंत पोचतं ते नुसत्या ताऱ्याचं चित्र नसतं, ताऱ्याचं आणि धुळीचं मिळून असतं. तिथे जाऊन धूळ बघता येत नाही. म्हणून माझी मुलगी कम्प्युटरमध्ये खोटा तारा करते, खोटी धूळ पसरते आणि त्यातून उजेड सोडते. खोटं चित्र दुर्बिणीच्या खऱ्या फोटोशी जुळलं तर तिने मांडलेली धूळ बरोबर असेल. नाही जुळलं तर धूळ बदलायची आणि पुन्हा सोडायचा.

मी चौथी शिकलेली. आमच्या गावात चौथीपर्यंतच शाळा होती, पुढची खाडीपलीकडे. लग्न होऊन डोंबिवलीला आले, आणि मुलगी शाळेत जायला लागल्यापासून मानपाडा रोडजवळच्या एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटते. मला बोलायला जमत नाही. केंद्रात गिऱ्हाईक आलं की मी भिंतीकडे तोंड करते. मालकीणबाई म्हणतात, "हिच्या हातचं सगळं डोंबिवली खाते, पण हिचा आवाज कोणी ऐकलेला नाही." नवीन माणसांत गेलं की माझी जीभ जड होते. आधी सगळं ठरवून जाते आणि ऐन वेळी भलतंच काहीतरी तोंडातून निघतं. हे लहानपणापासून आहे.

मुलगी माझ्यासारखी नव्हती. तिला सगळं सांगायचं असायचं. कल्याणच्या कॉलेजात होती तेव्हा परत येताना केंद्रात डोकवायची. आमच्या भटारखान्यात पश्चिमेला एक भोक आहे, पूर्वी तिथे पंखा होता. दुपारनंतर त्यातून कवडसा आत येतो. एकदा मी पीठ चाळत होते आणि ती दारात उभी राहून नुसती बघत होती. मी म्हटलं, "काय बघतेस? आत ये, नाहीतर बाहेर हो, पीठ उडतंय."

"आई, चाळणी हलव ना अजून."

मी हलवली. पीठ उडालं आणि कवडसा एकदम जाड झाला, हात लावावा असा. ती म्हणाली, "बघितलंस? पीठ नव्हतं तेव्हा कवडसा दिसतच नव्हता. उजेड बाजूने जाताना दिसत नाही. वाटेत काहीतरी आलं तरच दिसतो."

पुढे ती मुंबईच्या एका मोठ्या संस्थेत रिसर्चला लागली. पहिली दोन वर्षं घरूनच जाऊन येऊन करायची. तेव्हा तिने मला सांगितलं की हा विषय मी तुझ्या केंद्रातच बघितला होता. खरं की माझं मन राखायला, माहीत नाही. मला मात्र ते फार बरं वाटलं.

घरी आली की मी भाजी चिरायची आणि ती शेजारी लॅपटॉप घेऊन बसायची. तिच्या बाबांना ती समजावायची नाही. ते एका कंपनीत फिटर आहेत, हाताने काम करणारा माणूस, त्यांना लगेच विचारायचं असायचं की याचा उपयोग काय. मी उपयोग विचारायचे नाही. मी विचारायचे, मग पुढे काय झालं. त्यामुळे ती मला सांगायची.

एकदा म्हणाली, "उजेडाचे कण इतके असतात की ते एकेक करून कम्प्युटरलासुद्धा सोडता येत नाहीत. म्हणून खूप कण एकत्र बांधायचे आणि त्याचं एक पॅकेट करायचं. अशी पॅकेटं ताऱ्यातून सोडायची."

"पाकिटं?" मी म्हटलं.

ती हसली. "पाकिटं." त्या दिवसापासून तीही पाकिटंच म्हणायला लागली. संध्याकाळी घरात शिरता शिरता मी विचारायचे, "पोचली का गं पाकिटं?" आणि ती म्हणायची, "कसली पोचतायत, निम्मी धुळीत मेली." किंवा, "आज चित्र आलं, पण रवाळ आहे." पाकिटं थोडी सोडली तर चित्र रव्यासारखं भरड येतं, पुष्कळ सोडली तर मैद्यासारखं मऊ येतं. हा रवा-मैदा माझा. तिने तो तिच्या सरांनाही सांगितला होता.

तिच्या बाबांनी हे ऐकलं आणि त्यांना खेळणंच सापडलं. "काय गं, आज किती पाकिटं मारलीस? एवढं शिकवलं आणि पोरगी पाकीटमार निघाली!" बिल्डिंगमध्येही सांगून झालं. वाईट मनाने नाही, त्यांना मुलीबद्दल बोलायचं असायचं आणि बोलायला हाताशी तेवढंच होतं. ती पण हसायची. मी हसायचे, पण मला ते आवडायचं नाही. शब्द माझा होता आणि त्याचं हसं झालं होतं.

एका रविवारी दुपारी तिने मला ते पाकीट कसं चालतं ते करून दाखवलं. कपाटावरून लुडोचा फासा काढला. आमच्या बाहेरच्या खोलीत फरशा आहेत, एक फूट एक फूट. ती म्हणाली, "देव्हाऱ्याजवळ तारा. खोलीभर धूळ. दार म्हणजे ढगाची कड. तू पाकीट. दाराबाहेर गेलीस की सुटलीस."

"मी?"

"तूच. घरात आणखी कोण आहे?"

पहिला फासा टाकायचा तो किती फरशा चालायच्या त्याचा. तिथे धुळीचा कण भेटणार. मग दुसरा फासा. एक ते चार आले तर त्या त्या दिशेला वळायचं, पाच किंवा सहा आले तर कणात जिरायचं. मी साडीचा काठ वर धरून फरशा मोजत निघाले. तीन चालले, वळले. दोन चालले, परत देव्हाऱ्याकडेच आले. तीन वेळा तसंच झालं. मी थांबून आठवायला लागले की आपण मघाशी कुठून आलो, म्हणजे त्या बाजूला परत जायला नको.

"तसं नाही आई. पाकिटाला मागचं काही आठवत नाही. प्रत्येक वेळी नवा फासा."

मग मला पाच पडले. "जिरलीस," ती म्हणाली. मी तिथेच उभी. तिने दोरीवरचा तांबडा पंचा काढून माझ्या खांद्यावर टाकला. "आता कणाने तुला परत बाहेर टाकलंय, पण तू पहिल्यासारखी राहिली नाहीस. आता तू तांबडी, तांबड्याच्याही पलीकडची. तुला धूळ फार अडवत नाही. आता तुझा आकडा तिप्पट." मी फासा टाकला, चार आले, बारा फरशा. आमची खोली तेवढी लांब नाही. मी सरळ दाराबाहेर जिन्यात गेले. तेवढ्यात तिचे बाबा भाजीची पिशवी घेऊन वर येत होते.

"हे काय, मायलेकी लंगडी खेळताय?"

"बाबा, आई उजेड झालीय."

"असं होय. मग ट्यूब बंद करू?"

आम्ही इतक्या हसलो की शेजारच्या वहिनी दार उघडून बघायला आल्या. माझ्या खांद्यावर पंचा तसाच. इतर वेळी मी लाजेने आत पळाले असते. त्या दिवशी नाही पळाले. त्या दिवशी मला सगळं समजलं होतं. नुसतं पाठ नाही, समजलं होतं.

पुढच्या वर्षी तिला स्थळं यायला लागली. ठाण्याचं एक आलं. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, घोडबंदर रोडला स्वतःचं घर, माणसं चांगली. तिने एकच अट घातली. काम चालू राहील हे त्यांना आधी सांगायचं. ते बघायला येणार त्याच्या आदल्या दिवशी मी कणीक मळत होते, ती ओट्याला टेकून उभी होती.

"आई, ते तू सांग."

"मी? बाबा सांगतील की."

"बाबा पाकीटमार म्हणून मोकळे होतील. आणि मी सांगितलं तर उद्धट वाटतं. तू सांगितलंस तर ते घरचं वाटेल. शिवाय तुला समजलंय. घरात तुलाच समजलंय."

मग तिने माझ्याकडून ते पाठ करून घेतलं. आमची मुलगी ताऱ्यांचा उजेड धुळीतून कसा येतो ते कम्प्युटरवर करून बघते. तिला अजून काही वर्षं लागतील. लग्नानंतरही ती हे काम करणार आहे. एवढीच तीन वाक्यं. मी तीनदा म्हणून दाखवली. ती म्हणाली, "खाली अंगठ्याकडे बघत बोललीस तरी चालेल. पण बोल हं."

मंडळी आली. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक आत्या. पाणी झालं, प्रवास कसा झाला ते झालं. मुलगी आत पोहे भरत होती. आत्यांनी विचारलं, "मुलगी नक्की काय करते म्हणालात?"

हे म्हणाले, "रिसर्च. पण ते तिच्या आईला विचारा. त्या दोघींचं गुपित आहे. दिवसभर आपलं पाकिटं, पाकिटं."

"पाकिटं? कसली हो?" मुलाचे वडील म्हणाले.

"आता काय सांगू, पोरगी पाकीटमार आहे आमची!"

सगळे हसले. मोकळं हसले, कोणाला लागेल असं नाही. मुलाच्या आई माझ्याकडे वळल्या आणि अगदी प्रेमाने म्हणाल्या, "सांगा ना ताई, आम्हाला पण कळू दे."

सगळे माझ्याकडे बघत होते. पहिलं वाक्य माझ्या तोंडात होतं, आमची मुलगी, एवढं ओठांवर आलंही होतं. मला वाटलं, आता मी उजेड म्हणणार, धूळ म्हणणार, मग ते विचारणार म्हणजे काय, आणि मला पाकीट म्हणावं लागणार आणि सगळे परत हसणार. चौथी शिकलेली बाई ताऱ्यांचं सांगते म्हणून हसणार. मी पदर सारखा केला आणि म्हटलं,

"काही नाही हो. आपलं टाइमपास. लग्न झालं की सोडेल."

टाइमपास म्हणायचं मी ठरवलं नव्हतं. सोडेल हे तर कुठून आलं, मला आजपर्यंत कळलेलं नाही. केंद्रातल्या बायका आपल्या मुलींबद्दल असंच बोलतात, तेच कानावर बसलेलं असेल. तोंडातून निघालं आणि खोलीत सगळ्यांना एकदम बरं वाटलं. मुलाच्या आई म्हणाल्या, "तसं काही नाही, नोकरी केली तरी आमची ना नाही." हे खूश. मी वर बघितलं तर स्वयंपाकघराच्या पडद्याशी ती पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होती.

तिचा चेहरा काही बदलला नाही. आली, सगळ्यांना बशा दिल्या, मलाही दिली. मुलाने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली. नमस्कार केला. संध्याकाळी त्यांचा होकार आला आणि तिने नकार दिला. हे तिच्यावर चिडले. ती त्यांच्याशी भांडली नाही.

मी बशा घासत होते तेव्हा ती आत आली आणि पुसायला लागली.

"आई, तुला येत होतं ना?"

"हो."

"विसरली नव्हतीस?"

मी विसरले म्हटलं असतं तर कदाचित वाचले असते. पण तिच्यासमोर खोटं बोलणं मला जमत नाही. बाहेर खोटं बोलून आले आणि आत खरं बोलले. म्हटलं, "नाही विसरले. लाज वाटली."

"माझी?"

"नाही गं. माझी."

तिने बशी पुसून फडताळात ठेवली. म्हणाली, "तुला समजलं नसतं ना, तर मला काही वाटलं नसतं. बाबा बोलतात त्याचं मला काहीच वाटत नाही."

एवढंच. आवाज चढवला नाही, रडली नाही. मी रडले असते तर तिने मला जवळ घेतलं असतं, हे मला माहीत होतं, म्हणून मी रडले नाही. तेवढी तरी शरम मला होती.

महिन्याभरात ती संस्थेच्या हॉस्टेलवर राहायला गेली. जाऊन येऊन वेळ जातो म्हणाली, ते खरंही होतं. शनिवारी घरी यायची. मी विचारायचे, "पोचली का पाकिटं?" ती म्हणायची, "चाललंय." निम्मी मेली, रवाळ आलं, असं काही नाही. नुसतं चाललंय. मी दोन-चारदा विचारलं आणि मग विचारणं सोडलं. माफी मी मागितली होती, दोनदा. दोन्ही वेळा ती म्हणाली, "अगं, ते कधीच विसरले मी." राग असता तर मी त्याच्या मागे लागले असते. विसरलेल्या माणसाच्या मागे कसं लागायचं?

शिक्षण पूर्ण झाल्यावर तिला जर्मनीत काम मिळालं. विमानतळावर आम्ही दोघं गेलेलो. तिने वाकून नमस्कार केला, आधी बाबांना, मग मला. दोघांना अगदी सारखाच. मग हात हलवला तोही दोघांना मिळून.

गेल्या वर्षी तिने घरच्या ग्रुपवर एक चित्र टाकलं. काळ्यावर तांबूस ढग, मधे एक पिवळट चट्टा, आणि कडेला उजेडाचा फाटलेला पदर. यांनी ते मोबाइलवर लावलंय आणि कंपनीत सगळ्यांना दाखवतात, "हे माझ्या पोरीने केलंय." ग्रुपवर त्यांनी विचारलं होतं, हे काय आहे? तिने लिहिलं, "तारा आहे बाबा." मी ते चित्र मोठं करून बघितलं. जरासुद्धा रवाळ नव्हतं. केवढी पाकिटं सोडली असतील तिने. डावीकडे ढग जास्त काळा होता, म्हणजे तिथे धूळ दाट मांडलेली, आणि त्यातून फक्त तांबडं तेवढं बाहेर आलं होतं. हे मला दिसलं. मी लिहायला घेतलं की डावीकडे धूळ दाट आहे ना गं. मग खोडलं आणि हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. सगळ्या मावश्यांनी तेच पाठवलं होतं.

या श्रावणात केंद्रात पुरणपोळ्यांची मोठी ऑर्डर होती. दिवा गावाहून एक नवीन मुलगी कामाला आली आहे, तोंडाची सुटलेली. तिने विचारलं, "मावशी, तुमची मुलगी फॉरेनला काय करते?" मी लाटणं खाली ठेवलं आणि सांगितलं. तारा, धूळ, फासा, जिरणं, तांबडं होऊन बाहेर येणं, सगळं. तोंड भिंतीकडे नव्हतं. पाकीट हा शब्दही म्हटला. कोणी हसलं नाही. ती मुलगी म्हणाली, "च्यायला, भारी आहे की." मालकीणबाई काउंटर सोडून दारात येऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगो बाई, हिला आवाज आहे!"

हे तिला सांगायचं म्हणून मी रविवारची वाट बघितली. तिचा फोन रविवारी येतो. आधी बाबांशी बोलते, मग माझ्याशी. मी म्हटलं, "केंद्रात मी तुझं काम सांगितलं सगळ्यांना."

"हो? छान."

"सगळं सांगितलं. बरोबर सांगितलं."

"बरं झालं आई."

मागे कुठेतरी नळ वाहत होता. मला वाटलं आता नाही तर कधीच नाही. मी म्हटलं, "आता नवीन काय करतेस? मला सांगशील का? हळूहळू सांग. मला वेळ आहे."

ती अगदी हळू, मला लागू नये अशा आवाजात म्हणाली, "आता ते फार वेगळं झालंय गं. मराठीत नाही सांगता येत."

ज्या मुलीने फरशांवर मला उजेड करून चालवलं, तिला मराठी कमी पडली, असं मी कसं मानू? पण मी म्हटलं, "बरं."

"तू सांग, बाबांचा गुडघा कसा आहे?"

मी सांगितलं. हवा कशी आहे ते सांगितलं. ती म्हणाली, इकडे नवा कुकर घेतलाय, पण तूरडाळ नीट शिजत नाही, किती शिट्ट्या घ्यायच्या?

"आधी अर्धा तास भिजव. मग चार."

"थांब, लिहून घेते," ती म्हणाली. कागदाचा आवाज आला. "अर्धा तास. चार. आणि हळद आधी की नंतर?"

"आधी," मी म्हटलं. "आणि तेलाचा एक थेंब, म्हणजे उतू जात नाही."

तिने तेही लिहून घेतलं.